घरच्या सिम्युलेटरसाठी फ्लाइट प्लॅनिंग : पहिला प्लॅन आपल्याच खोऱ्यातला

दंडोबा (मिरज)

विमान उडवता येतं, उतरवताही येतं, आता फ्लाइट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, असं विचारणारे निरोप सारखे येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. विचारणारे बरेच जण सातारा, कराड, सांगलीकडचे आहेत, म्हणून उदाहरणंही इकडचीच घेतलीत.

सॉफ्टवेअरची नावं पुढे येतीलच. त्याआधी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. पहिला प्लॅन मुंबई-दुबईचा करू नका. सिमब्रीफमध्ये (प्लॅन काढून देणारं संकेतस्थळ) दोन विमानतळ टाकले, एअरबस निवडली, बटण दाबलं की कित्येक पानांचा प्लॅन समोर येतो. इंधन, वारे, वजनं, वाटेतले बिंदू, सगळं असतं त्यात. पण त्यातला एखादा आकडा चुकलेला असेल तर तुम्हाला ते कळणार कसं? ज्या मुलखातले डोंगर आणि नद्या तुम्ही एसटीतून, गाडीवरून वर्षानुवर्षं बघताय, तिथला प्लॅन केला तर सॉफ्टवेअर काय सांगतंय ते ताडून बघता येतं. कृष्णेचं खोरं यासाठी उत्तम आहे. नदी आहे, घाट आहेत, महामार्ग आहे आणि दोन्ही टोकांना खरे विमानतळ आहेत.

तर पहिला प्लॅन पुणे–सातारा–कराड–सांगली–कोल्हापूर. विमान सेसना १७२. दिवसाउजेडी, जमीन बघत, म्हणजे व्हीएफआर.

यासाठी लिटल नॅव्हमॅप घ्या. अलेक्झांडर बार्थेल यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, एक्स-प्लेन, प्रीपेअर३डी, अगदी जुना एफएसएक्स, सगळ्यांशी त्याचं जमतं. बसवल्यावर पहिलं काम सीनरी लायब्ररी लोड करायचं. तुमच्या सिम्युलेटरमधले विमानतळ, धावपट्ट्या, रेडिओ केंद्रं वाचून ते स्वतःचा डेटाबेस तयार करतं. कंटाळा करून हे सोडू नका, कारण प्लॅनमधला विमानतळ आणि तुमच्या सिम्युलेटरमधला विमानतळ एकच असायला हवा. २०२४ च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये बरीचशी सीनरी इंटरनेटवरून येते, त्यामुळे तिथं लायब्ररी लोड करताना सिम्युलेटर चालू ठेवावा लागतो.

मग नकाशावर पुणे शोधा. कोड व्हीएपीओ. राइट क्लिक करून ते प्रस्थान ठरवा. कोल्हापूर, कोड व्हीएकेपी, हे गंतव्य. सरळ रेष येईल, ११७ नॉटिकल मैलांच्या आसपास. आता सातारा, कराड, सांगली इथं एकेक बिंदू घाला. अंतर १३५ मैलांपर्यंत जाईल. पुणे-सातारा ५४, सातारा-कराड २६, कराड-सांगली ३५, सांगली-कोल्हापूर २०. माझे आकडे गावाच्या मध्यापासूनचे आहेत, तुमचे एखाद-दोन मैलांनी वेगळे येतील.

इथंच थांबून खालची एलेव्हेशन प्रोफाइलची खिडकी बघा. या सॉफ्टवेअरमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. तुमच्या रेषेखालची जमीन कुठं किती उंच आहे त्याचा उभा छेद ती दाखवते. पुण्याहून निघालात की पहिल्या १८-२० मैलांतच एक सुळका वर येतो. तो पुरंदर, साडेचार हजार फुटांच्या आसपास. आपली रेष त्याच्या अगदी शेजारून जाते. थोडं पुढे उजवीकडे मांढरदेवचा डोंगर, तोही ४६५० फूट.

आता उंची ठरवा. आंतरराष्ट्रीय नियम असा की चुंबकीय दिशा ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार, १८० ते ३५९ असेल तर सम हजार, आणि व्हीएफआर असेल तर त्यात ५०० मिळवायचे. पुणे-सातारा दिशा साधारण १७५. म्हणजे ३५००, ५५०० किंवा ७५००. ३५०० नियमात बसतं, पण पुरंदर त्याच्यापेक्षा हजार फूट उंच आहे! नुसत्या नियमावर विसंबून ३५०० टाकलं आणि समोर ढग आले तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा ५५००. लोहगावची उंची १९४२ फूट, म्हणजे साडेतीन हजार फूट चढायचंय. मिनिटाला ५०० फूट धरले तर सात-आठ मिनिटं आणि जेमतेम दहा मैल. पुरंदरच्या आधी आरामात होतं.

इंधनाचा हिशेब एकदा कागदावर करा, सॉफ्टवेअरला विचारण्याआधी. सेसनाचा वेग ११० नॉट धरला तर १३५ मैलांना सव्वा तास. तासाला ९ गॅलन, म्हणजे प्रवासाला ११. टॅक्सी आणि चढाईचे जास्तीचे २. कोल्हापूरला उतरता आलं नाही तर बेळगाव, ते ५२ मैलांवर, त्याला साडेचार. त्यानंतरही अर्धा तास हवेत राहता येईल एवढं राखीव, आणखी साडेचार. वर थोडी सैल सोय धरून २३-२४ गॅलन, म्हणजे ९० लिटरच्या आसपास. टाकीत वापरण्याजोगं ५३ गॅलन मावतं. आता लिटल नॅव्हमॅपचा इंधन अहवाल उघडून ताडून बघा. जिथं फरक दिसेल तिथं तो का आला ते शोधा. हे एकदा केलंत की एअरबसच्या प्लॅनमधला इंधनाचा तक्ता वाचताना बिचकायला होणार नाही, कारण ओळी त्याच असतात, फक्त आकडे टनांत जातात.

सिमब्रीफवर पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर प्रश्न येऊ द्या.

माहुली_संगम (सातारा)

दादा, फार दिवस असं काहीतरी शोधत होतो. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर एफएसएक्स चालतो. नवा सिम्युलेटर त्याला झेपणार नाही. आमच्याकडे नेटही धड नसतं. तर हे सगळं मला जमेल का? आणि गोव्याचा मोपा विमानतळ मला कुठंच सापडत नाही.

दंडोबा (मिरज)

नक्की जमेल. लिटल नॅव्हमॅप एफएसएक्सशी नीट जोडलं जातं आणि डेटाबेस तुमच्या संगणकावरच असल्यामुळे प्लॅन करायला नेट लागत नाही. नेट लागतं ते मागचा नकाशा दिसायला. नेट असताना आपला भाग एकदा मोठा-लहान करून फिरून घ्या, पाहिलेले तुकडे साठून राहतात. उंचीचा डेटाही एकदा उतरवून ठेवता येतो, ग्लोब नावाचा. तो घातला की पुरंदर, मांढरदेव, ठोसेघरकडचं पठार हे सगळं नेटशिवाय प्रोफाइलमध्ये येतं.

मोपाचं कारण सोपं आहे. एफएसएक्स २००६ चा, मोपाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ चं. जुन्या डेटात अजून एक गोष्ट खटकेल. बेळगाव, हुबळी आणि दाबोळी यांचे कोड पूर्वी व्हीए नं सुरू व्हायचे, आता व्हीओ नं होतात. बेळगाव व्हीएबीएम होतं ते व्हीओबीएम झालं, दाबोळी व्हीएजीओचं व्हीओजीओ. नव्या डेटातून काढलेला प्लॅन जुन्या सिम्युलेटरला दिला आणि त्यानं विमानतळ ओळखला नाही, तर प्लॅनला दोष देण्याआधी हे तपासा.

कराडकर१०

मी मायक्रोसॉफ्टचा २०२४ वापरतो. त्याचा स्वतःचा प्लॅनर आहे की, ब्राउझरमध्येही उघडतो. मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला पाहिजे? विचारतोय खरंच, वाद नाही घालत.

दंडोबा (मिरज)

तो प्लॅनर पूर्वीपेक्षा खूपच चांगला झालाय, आणि फक्त व्हीएफआर फिरायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. मी लिटल नॅव्हमॅप सुचवतो ते प्रोफाइलसाठी, आणि ते सिम्युलेटर बदलला तरी सोबत राहतं म्हणून. उद्या एक्स-प्लेन घेतलात तर तोच प्लॅन त्या रूपात काढून देता येतो. शिवाय उडत असताना तुमचं विमान नकाशावर सरकताना दिसतं. घरी दुसरा जुना संगणक असेल तर नकाशा त्यावर ठेवा, त्यासाठी लिटल नॅव्हकनेक्ट नावाचं छोटं जोडसॉफ्टवेअर आहे. सिम्युलेटरच्या संगणकावर भार पडत नाही.

आयर्विन (सांगली)

दंडोबा, धागा चांगला काढलात. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

आजची मुलं सेसनासाठी सिम्युलेटर घेत नाहीत हो. त्यांना ए३२० आणि ७३७ हवं असतं. त्यांना आधी सेसना आणि गॅलनचा हिशेब करायला लावलं तर निम्मी तिथंच सोडून देतात. मी उलटं सांगतो. सिमब्रीफ पहिल्या दिवशी उघडा, पण मार्ग लहान घ्या. मुंबई-कोल्हापूर, विमान एटीआर, म्हणजे दोन पंख्यांचं लहान प्रवासी विमान. हा मार्ग खरा आहे, एटीआर खरोखर कोल्हापूरला येत असतात. सरळ अंतर १६७ मैल. प्लॅन छोटा येतो आणि वाचून संपतो. त्यातली एकेक ओळ इथं विचारा, आम्ही सांगू. व्यावसायिक प्लॅन वाचता येणं हेच खरं शिकणं आहे असं मला वाटतं.

बाकी सम-विषमबद्दल एक पुरवणी. व्हीएफआरला तो नियम जमिनीपासून ३००० फुटांच्या वर लागू होतो. आपल्या खोऱ्यात जमीनच १८००-२००० फुटांवर आहे, तेव्हा ४५०० वरून जाताना तो बंधनकारक नाही. सवय म्हणून पाळा, त्यात नुकसान काहीच नाही.

दंडोबा (मिरज)

काका, नियमाची पुरवणी अगदी बरोबर. सुरुवात कुठून करायची यावर मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. एटीआरच्या प्लॅनमध्ये ट्रिप फ्युएल ६०० किलो लिहिलंय की ९००, हे नव्या माणसाला सारखंच. सव्वा तास आणि तासाला ९ गॅलन हे तो स्वतः गुणून बघतो, आणि म्हणून ते त्याच्या लक्षात राहतं. पण मुंबई-कोल्हापूर हा दुसरा प्लॅन म्हणून उत्तमच, तेव्हा सिमब्रीफचं तेच उदाहरण घेतो.

सिमब्रीफ संकेतस्थळावर चालतं, काही बसवावं लागत नाही, खातं विनामूल्य आहे. सध्या ते नॅव्हिग्राफ या हवाई मार्गांचा डेटा पुरवणाऱ्या कंपनीकडे आहे. नवा प्लॅन काढताना या गोष्टी नीट बघा.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत मागतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. सकाळी अकराचं उड्डाण म्हणजे ०५३०. आणि पहाटे पाचला निघायचं असेल तर यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे २३३० होतात, तारीखही बदलते. तारीख चुकली की वाऱ्याचा अंदाज भलत्याच वेळचा येतो.

एकक. सेटिंगमध्ये किलो की पाउंड ते ठरवा आणि तुमचं विमान ज्यात बोलतं तेच ठेवा. यात ढिलाई नको. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ ४१००० फुटांवर इंधन संपून ग्लायडर झालं ते याच गोंधळातून. २२३०० किलो हवं होतं, रूपांतराचा गुणक पाउंडाचा वापरला गेला आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी इंधन भरलं गेलं. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर उतरवलं, सगळे वाचले. इथं तर नुसता सिम्युलेटर आहे, पण दोन तास उडून शेवटी इंजिनं बंद पडली की वाईट वाटतंच.

एअरफ्रेम. फक्त "ए३२०" निवडून भागत नाही. विमान बनवणारे बरेचदा त्यांच्या मॉडेलची वजनं आणि इंधनखप असलेली एअरफ्रेम देतात, ती सिमब्रीफमध्ये आणून साठवा. फ्लायबायवायरचं विनामूल्य ए३२० निओ वापरत असाल तर आतल्या टॅबलेटमध्ये सिमब्रीफचा क्रमांक एकदा टाकला की पुढे प्लॅन, वजनं, इंधन आपोआप येतात. एक्स-प्लेनवाल्यांसाठी झिबोचं ७३७ पण तसंच करतं.

बाकीच्या विमानांसाठी सिमब्रीफ डाउनलोडर नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते प्लॅनची फाइल योग्य फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं.

मग इंधनाचा तक्ता. टॅक्सी, ट्रिप, कंटिन्जन्सी, अल्टरनेट (उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं), फायनल रिझर्व्ह, एक्स्ट्रा. कंटिन्जन्सी म्हणजे अंदाज चुकला तर, बहुधा ट्रिपच्या ५ टक्के. फायनल रिझर्व्ह टर्बाइन इंजिनांना ३० मिनिटांचं, १५०० फुटांवर घिरट्या घालण्याइतकं. याला हात लावायचा नाही, हे संपायच्या आत चाकं जमिनीला लागलीच पाहिजेत. सेसनाच्या कागदावर हेच सगळं तुम्ही स्वतः लिहिलेलं असतं.

विटेकर_ताई

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मुलगा हे सगळं करतो म्हणून वाचत होते आणि आता मलाच गोडी लागली. एक विचारते, उतरायला कधी सुरुवात करायची ते सॉफ्टवेअर सांगतं, पण ते कसं काढतं?

आयर्विन (सांगली)

ताई, याचं फार सोपं गणित आहे. जितके हजार फूट खाली यायचंय त्याला तीननं गुणा, तितके नॉटिकल मैल आधी सुरू करा. हा साधारण तीन अंशांचा उतार होतो. मुंबईहून १७००० फुटांवर येताय आणि कोल्हापूर २००० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे १५ हजार खाली यायचं. १५ गुणिले ३, ४५ मैल. सरळ रेषेनं येत असाल तर ही जागा जवळजवळ पाटणवर पडते. म्हणजे पाटण खाली दिसलं की उतरायला लागायचं! सॉफ्टवेअर यात वारा आणि वेग कमी करायचं अंतरही धरतं, म्हणून त्याचा आकडा थोडा वेगळा येतो. मुलाला आधी तोंडी काढायला सांगा, मग स्क्रीनवर बघू दे.

विटेकर_ताई

वा! हे तर नववीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवणाऱ्या सरांना देते. १५ हजार फूट म्हणजे जवळजवळ अडीच नॉटिकल मैल, भागिले ४५, स्पर्शिकेवरून तीन अंशांच्या किंचित वर येतं. बरोबर जुळतंय.

चाळकेवाडी (सातारा)

वाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आमच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्यात ते आषाढात इथं उभं राहिल्यावर कळतं.

पावसाळ्यात समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या आसपास पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. तो ३० नॉट धरा आणि दंडोबांचाच प्लॅन घ्या. पुण्याहून १७५ अंशांवर चाललात, वारा बरोब्बर उजव्या कुशीवर. ११० नॉट वेगाला ३० नॉटचा आडवा वारा म्हणजे नाक सुमारे १६ अंश उजवीकडे ठेवावं लागतं. हेडिंग १९१ ठेवलंत तर विमान १७५ वर सरकेल. नाही ठेवलंत तर अर्ध्या तासात १५ मैल पूर्वेला, म्हणजे साताऱ्याऐवजी कोरेगावही मागे टाकून भलतीकडेच. लिटल नॅव्हमॅपमध्ये वारा हातानं भरता येतो किंवा प्रत्यक्ष अंदाज घेता येतो, दोन्ही करून बघा आणि प्रत्येक टप्प्याचं हेडिंग कसं बदलतं ते पाहा.

दुसरं, सिमब्रीफ आजचा खरा वारा धरून इंधन काढतं. सिम्युलेटरमध्ये मात्र तुम्ही "निरभ्र आकाश" निवडलेलं असतं. मग आकडे जुळले नाहीत की लोक सॉफ्टवेअर चुकीचं म्हणतात. एक तर दोन्हीकडे खरं हवामान ठेवा, नाहीतर दोन्हीकडे शून्य वारा.

आणि मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचायला शिका. वाऱ्याचे पाच आकडे असतात, २७०१२ म्हणजे २७० अंशांकडून १२ नॉट. दृश्यता मीटरमध्ये, ढग शेकडो फुटांत, दाब हेक्टोपास्कलमध्ये. पण एक लक्षात ठेवा, मेटार विमानतळापुरता असतो. पुण्यात ढग ३००० वर असतील तेव्हा खंबाटकीत ते डोंगराला टेकलेले असू शकतात. पावसाळ्यात व्हीएफआर प्लॅन करताना मी कायम मार्ग पूर्वेला सरकवतो, लोणंद-फलटणच्या अंगानं. तिकडं पाऊस कमी, डोंगरही कमी.

माहुली_संगम (सातारा)

हे लोणंदचं डोक्यातच आलं नव्हतं. पण खरंय, आम्ही इकडं चिखलात असतो तेव्हा फलटणची मंडळी पावसाची वाट बघत असतात.

दंडोबा (मिरज)

चाळकेवाडी, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. नव्यांनी हा दोनदा वाचावा. धावपट्टीही वाऱ्यावरूनच ठरते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५. पश्चिमेच्या वाऱ्यात २५ वर उतरायचं, आणि सांगलीकडून येताना तुमची दिशा साधारण २३६ असते, त्यामुळे जवळजवळ समोरच धावपट्टी येते. थोडं उत्तरेकडून... नाही, थोडं पूर्वेकडे रेंगाळून रांगेत या, एवढंच. पूर्वेचा वारा असेल तेव्हा ०७, मग विमानतळ ओलांडून पश्चिमेकडून वळून यावं लागतं. प्लॅनमध्ये त्याचं आठ-दहा मैलांचं इंधन धरा.

कराडकर१०

नॅव्हिग्राफची वर्गणी घ्यावी का? सगळ्या व्हिडिओत तेच सांगतात.

आयर्विन (सांगली)

पहिल्या वर्षी गरज नाही. आधी ते काय देतात ते समजून घ्या. हवाई मार्ग, बिंदू, उतरण्याच्या पद्धती हे जगभर दर २८ दिवसांनी ठरलेल्या तारखेला बदलतात, त्याला एअरॅक चक्र म्हणतात. वर्षात बहुधा १३ चक्रं. वर्गणीदारांना चालू चक्राचा डेटा आणि चार्ट मिळतात, सिमब्रीफच्या विनामूल्य खात्याला जुन्या चक्राचा. फरक कधी जाणवतो? प्लॅनमधला पाच अक्षरी बिंदू विमानाच्या संगणकात सापडत नाही तेव्हा. असा एखादा बिंदू गाळून पुढच्याला थेट जोडला की काम भागतं.

भारतातल्या विमानतळांचे चार्ट तर फुकट आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं एआयपी, म्हणजे वैमानिकांसाठीचं अधिकृत माहितीपुस्तक, संकेतस्थळावर खुलं आहे, कोल्हापूर, मुंबई, बेळगाव सगळं बघता येतं. मुंबईचा चार्ट एकदा उघडून बघाच, ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथलं काम किती जोखमीचं असेल ते समजतं. हे सगळं सिम्युलेटरपुरतंच वापरायचं, हे वेगळं सांगायला नको.

कराडकर१०

आणि व्हॅटसिम, ते सगळ्यांनी मिळून ऑनलाइन उडायचं जाळं? तिथं खरी माणसं कंट्रोलर असतात म्हणे. भीती वाटते जरा, इंग्रजी बोलायचं म्हणजे.

आयर्विन (सांगली)

भीती सगळ्यांना वाटते, त्यात काही नाही. व्हॅटसिम २००१ पासून चालू आहे, आयव्हीएओ त्याच्याही आधीचं, दोन्ही विनामूल्य. व्हॅटसिमवर नव्या सदस्याला आधी एक प्राथमिक चाचणी द्यावी लागते, ती अभ्यास करूनच द्या. मग काही दिवस नुसतं ऐका. मुंबईचा कंट्रोलर चालू असेल तेव्हा आपला प्लॅन छापून समोर ठेवायचा आणि दुसऱ्यांना दिलेल्या परवानग्या ऐकत त्यावर खुणा करायच्या. वाक्यं ठरलेली असतात, पंधरा-वीस वाक्यांत सगळा कारभार चालतो. सिमब्रीफमधून प्लॅन थेट तिथं दाखल करता येतो. नवीन आहात हे कंट्रोलरला लिहून कळवलंत तर तो सावकाश बोलतो. मी आजवर तिथं कुणाला नवख्यावर खेकसताना ऐकलेलं नाही.

माहुली_संगम (सातारा)

प्लॅन केला. पुणे, सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर. ५५००. एकूण १३४ मैल आले. इंधन कागदावर २३ गॅलन, सॉफ्टवेअर २१ म्हणतंय. साताऱ्यासाठी शहराऐवजी कृष्णा-वेण्णेचा संगम घेतला, कराडला प्रीतिसंगम. वरून नद्यांचे संगम लांबूनच ओळखू येतात. कराडनंतर नदी सोडायचीच नाही असं ठरवलंय, भिलवडी, औदुंबर करत सांगली. चालेल ना?

दंडोबा (मिरज)

चालेल काय, फार छान केलंय. संगम निवडलेत हे तर मला स्वतःला सुचलं नव्हतं, यापुढे सगळ्यांना तसंच सांगेन. दोन गॅलनचा फरक बहुतेक टॅक्सी आणि चढाईचा असेल. एअरक्राफ्ट परफॉर्मन्सच्या फाइलमध्ये चढाईचा खप किती लिहिलाय ते बघा. एकदा उडताना परफॉर्मन्स गोळा करायची सोय चालू ठेवा, म्हणजे तुमच्या विमानाचे खरे आकडे त्यात भरले जातील आणि पुढचा प्लॅन जास्त नेमका येईल.

एक दुरुस्ती. सांगलीनंतर दिशा २३६ होते, म्हणजे १८० च्या पलीकडे. तिथून ५५०० चालत नाही, सम हजार अधिक ५००. २० मैलच राहिलेत, तेव्हा आयर्विन पुलाच्या आधीच ४५०० ला या. शेवटच्या टप्प्याची उंची तशी बदलून ठेवा.

नदी धरून गेलात तर वळणांमुळे अंतर वाढतं. भिलवडीला एक बिंदू घालून पुन्हा मोजा. आणि सांगलीच्या ईशान्येला कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, तुमच्या डेटाबेसमध्ये ती आहे का ते बघा. नसेल तर यूजरपॉइंट म्हणून नोंदवून ठेवा, इंजिन बंद पडल्याचा सराव करायला उपयोगी पडेल.

चाळकेवाडी (सातारा)

आणि आजचा वारा घातलात का? आत्ता पुण्यात २६० वरून १४ आहे, वर त्याहून जास्त असणार.

माहुली_संगम (सातारा)

घातला नव्हता. आता घालतो, भिलवडीचा बिंदूही टाकतो आणि नवी फाइल रात्री इथं चढवतो. त्यानंतर कोल्हापूर-बेळगाव करू का थेट मुंबई-कोल्हापूर?

आयर्विन (सांगली)

मुंबई-कोल्हापूर!

दंडोबा (मिरज)

आधी बेळगाव. ५२ मैलच आहेत, आणि तोच तुमचा अल्टरनेट होता, एकदा प्रत्यक्ष जाऊन या. मग काकांबरोबर एटीआर. फाइल चढवताना सिम्युलेटर कोणता तेही लिहा, म्हणजे बाकीच्यांना उघडता येईल.